संगणक मोजतो, ठेका आपण धरायचा!

दोस्तांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस उरले आहेत. तुम्ही तिघा-चौघांनी मिळून एक गाणं रचलंय. शब्द तुमचे, चाल तुमची. एकीचा गळा गोड आहे, एकाला गिटारवर चार-पाच कॉर्ड येतात, एकाकडे मामानं दिलेला छोटा कीबोर्ड आहे. गाणं घरीच रेकॉर्ड करायचं ठरतं. आणि मग कुणीतरी डोकं खाजवत विचारतं, ‘‘पण ड्रम कोण वाजवणार?’’

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. ड्रमसेट काही घरोघरी नसतो. त्याला पैसे पडतात आणि ठेवायला खोलीचा अख्खा कोपरा लागतो. बरं, समजा कुणी आणलाच, तर पहिल्याच थापेला वरच्या मजल्यावरचे काका दार ठोठावणार! संपली तालीम!

अशा वेळी घरातला कॉम्प्युटर धावून येतो. ड्रम नाही, ड्रमर नाही, तरी ड्रम वाजतात! आणि तेही इतके बिनचूक, की एक ठोका इकडचा तिकडं व्हायचा नाही. पण थांबा, नेमकी इथंच तर गोम आहे. ‘एक ठोका इकडचा तिकडं व्हायचा नाही’ हा कॉम्प्युटरचा गुणही आहे आणि दोषही! तो कसा, हे आज आपण पाहू आणि पाहता पाहता आपला पहिला ठेकाही बनवू.

आधी कॉम्प्युटर बंद!

हो, आधी कॉम्प्युटर बंदच ठेवा. खुर्चीवर बसा आणि तोंडानं मोजा: एक, दोन, तीन, चार. ‘एक’ आणि ‘तीन’ला उजवा पाय जमिनीवर आपटा. ‘दोन’ आणि ‘चार’ला डाव्या हातानं मांडीवर थाप द्या. जमलं? आता उजव्या हाताच्या बोटांनी टेबलावर टकटक सुरू करा, पण दुप्पट वेगानं. म्हणजे प्रत्येक आकड्याला दोनदा: एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि.

सुरुवातीला हातापायांची आपापसांत भांडणं होतील. पाच मिनिटं चिकाटी धरा. भांडण मिटलं की समजा, तुम्ही ड्रमर झालात! कारण आत्ता तुम्ही जे वाजवलंत, त्यावर जगातली हजारो गाणी उभी आहेत.

खऱ्या ड्रमसेटमध्ये तुमच्या पायाच्या जागी असतो मोठा ‘बास ड्रम’. तो पायातल्या पेडलनं वाजतो. त्याच्या ठोक्याला म्हणतात ‘किक’. मांडीवरची थाप म्हणजे ‘स्नेअर’. या ड्रमच्या खालच्या पडद्याला तारा लावलेल्या असतात, म्हणून तो ‘तडाक्’ असा खरखरीत बोलतो. टेबलावरची टकटक म्हणजे ‘हाय-हॅट’, एका दांडीवर बसवलेल्या दोन झांजा. पेडल दाबलं की त्या मिटतात आणि ‘टिक्’ वाजतात, पेडल सोडलं की उघडतात आणि ‘त्स्स्स्’ करतात.

गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक आठवा ना! ढोल खालून ठोका धरतो, ताशा वरून तडतडतो आणि झांजा सगळ्यांना बांधून ठेवतात. वाद्यं वेगळी, मुलूख वेगळा, पण कामांची वाटणी बघा कशी सारखीच!

सोळा घरांचा खेळ

आता गणिताची चौकटींची वही घ्या. एका ओळीत १६ चौकटी मोजा. अशा तीन ओळी आखा आणि त्यांना नावं द्या: हाय-हॅट, स्नेअर, किक. कॉम्प्युटरवर ड्रम बनवायचे बहुतेक प्रोग्रॅम अगदी अशाच चौकटी दाखवतात. एक रेघ डावीकडून उजवीकडं सरकत जाते आणि ज्या घरात खूण असेल, तिथं तो आवाज वाजतो. सोळावं घर संपलं, की पुन्हा पहिलं. झालं एक आवर्तन!

तबला शिकणाऱ्यांना लगेच त्रिताल आठवला असेल. १६ मात्रा, ४-४ चे चार विभाग. मात्र एक फरक लक्षात ठेवा. इथं चार घरं मिळून एक मात्रा होते. म्हणजे तुमचा ‘एक’ पहिल्या घरात, ‘दोन’ पाचव्या, ‘तीन’ नवव्या आणि ‘चार’ तेराव्या घरात. आता आपण मघाशी वाजवलेला ठेका मांडू:

हाय-हॅट: घर १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५
स्नेअर: घर ५, १३
किक: घर १, ९

झाला की ठेका! आता अकराव्या घरात आणखी एक किक टाका आणि ऐका. कुणीतरी गाण्याला मागून हलकेच ढकलल्यासारखं वाटेल. एका खुणेची ही किमया!

वेग सांगायचा तो ‘बीपीएम’मध्ये, म्हणजे एका मिनिटात किती मात्रा. १२० बीपीएम म्हणजे एका सेकंदात दोन मात्रा. मग एक घर किती वेळाचं? सेकंदाचा आठवा भाग. आणि चार मात्रांचं एक आवर्तन दोन सेकंदांचं. तीन मिनिटांच्या गाण्यात अशी ९० आवर्तनं. आता ९० गुणिले १६ घरं, म्हणजे १,४४० घरं प्रत्येक वाद्याची! ती कोण भरत बसणार? कुणीच नाही. चार-पाच वेगवेगळी आवर्तनं बनवायची आणि कोणतं कधी, किती वेळा वाजवायचं ते कॉम्प्युटरला सांगायचं. मोजण्याचं काम त्याचं!

आणि १६ घरं म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे बरं का! तुमचं गाणं दादऱ्यात असेल, तर ६ मात्रांना दोन-दोन घरं देऊन १२ घरांचं आवर्तन करा. किक पहिल्या घरात आणि हलकी स्नेअर सातव्या घरात ठेवून बघा. गाणं छान झुलायला लागेल.

हे काम करणारे प्रोग्रॅम विकत घ्यावेच लागतात असं नाही. ‘हायड्रोजन’ हा खास ड्रमसाठीचा प्रोग्रॅम आणि सगळं गाणं जुळवता येईल असा ‘एलएमएमएस’, हे दोन्ही मोफत मिळतात. ॲपलच्या कॉम्प्युटरवर ‘गराजबँड’ असतो. उतरवून घ्यायच्या आधी घरातल्या मोठ्यांना विचारा आणि प्रोग्रॅम त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या.

गिटारवाल्याची गरज आणि मुंबईची गंमत

तालाचं यंत्र बनवायची हौस माणसाला फार जुनी. १९३१ साली हेन्री कॉवेल या संगीतकाराच्या कल्पनेवरून लिओन थेरेमिन यांनी ‘ऱ्हिदमिकॉन’ नावाचं वाद्य बनवलं होतं. पुढं अशी यंत्रं आली, की ज्यांचं बटण दाबलं की ठरावीक ठेके वाजत. पण त्यांचा आवाज खऱ्या ड्रमसारखा मुळीच नसे.

मग रॉजर लिन नावाच्या अमेरिकन गिटारवादकानं यात हात घातला. त्यानं खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून ते चिपमध्ये साठवले आणि १९८० साली ‘एलएम-१’ हे यंत्र बाजारात आणलं. अशा साठवलेल्या आवाजाला म्हणतात ‘सॅम्पल’. किंमत सुमारे ५ हजार डॉलर! आणि गंमत म्हणजे एवढे पैसे मोजूनही त्यात मोठ्या झांजेचा आवाजच नव्हता. का? झांजेचा नाद बराच वेळ रेंगाळतो. तो साठवायला मेमरी जास्त लागते आणि तेव्हा मेमरी फार महाग होती.

त्याच वर्षी जपानच्या ‘रोलँड’ कंपनीनं ‘टीआर-८०८’ हे यंत्र काढलं. त्यात सॅम्पल नव्हते. विजेच्या सर्किटमधूनच ‘बुम्’ आणि ‘टक्’ तयार होत. ‘हे कसले ड्रम?’ असं म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. सुमारे १२ हजार यंत्रं बनली आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. पण जुन्या बाजारात ही यंत्रं स्वस्तात मिळू लागली आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या तरुण मुलांच्या हाती पडली. त्यांनी त्या ‘बुम्’वर नवं संगीतच उभं केलं! हिप-हॉपमध्ये ८०८चा तो घुमणारा आवाज आजही ऐकू येतो.

आता आपल्या मुंबईची गोष्ट ऐका. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांच्याकडे हे ८०८ होतं. १९८२ साली त्यांनी ते घेऊन एक अजब प्रयोग केला. ठेका यंत्राचा आणि वर आपले दहा राग! त्या रेकॉर्डचं नाव होतं ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तेव्हा कुणी फारशी दाद दिली नाही. पण २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि ऐकणारे थक्क झाले. असं संगीत अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९८७च्या सुमाराला गाजलं होतं. मुंबईतल्या एका वादकानं ते पाच वर्षं आधीच करून ठेवलं होतं! उतारवयात त्यांना परदेशांतून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

सांगायचं काय, तर यंत्र एकच असतं. त्याचं काय करायचं, हे वाजवणाऱ्याच्या डोक्यात असतं.

ठेका बरोबर, पण झोप येतेय!

आता तुमच्या ठेक्याकडं वळू. चार-पाच मिनिटं तो ऐका. सुरुवातीला मजा वाटते, मग हळूहळू कंटाळा येतो. चूक तर एकही नाही. मग काय बिघडलं?

मघाशी टेबलावर वाजवलं होतंत, ते आठवा. तुमची प्रत्येक टकटक सारख्या जोराची होती का? नव्हती. आकड्यावरची टकटक जोरात आणि ‘आणि’वरची हलकी पडत होती. आणि प्रत्येक ठोका कुठं अगदी वेळेवर पडत होता? एखादा केसभर आधी, एखादा केसभर नंतर. कॉम्प्युटरला हे कळत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, तर तो आठही टकटकी एकाच जोराच्या वाजवणार. घड्याळ टिकटिकतं तशा. घड्याळावर कुणी नाचतं का?

म्हणून त्याला सांगायचं कसं, ते पाहा.

जोर बदला. प्रत्येक खुणेला जोराचा आकडा देता येतो. अनेक प्रोग्रॅमांमध्ये तो १ ते १२७ असतो. १२७च का? १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलावेत म्हणून ‘मिडी’ ही पद्धत आली. तिच्यात अशा आकड्यासाठी ७ बिट असतात. ७ बिटांत ० ते १२७ असे १२८ आकडे मावतात. आकड्यावरच्या हाय-हॅटला १०० द्या, ‘आणि’वरच्याला ७० च्या आसपास. पण प्रत्येक वेळी नेमका ७० नको. कधी ६६, कधी ७४.

कुजबुज घाला. आठव्या घरात स्नेअरची एक खूण करा आणि तिला जोर द्या फक्त ३०. ती वेगळी अशी कानात भरणार नाही. पण काढून टाका, की काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. खरे ड्रमर अशी कुजबुज सारखी करत असतात.

दोन हात, दोन पाय! हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. ड्रमरला हात दोनच असतात. एकाच घरात हाय-हॅट, स्नेअर आणि वर मोठी झांज अशा खुणा केल्यात, तर तुमच्या ड्रमरला तिसरा हात फुटला! ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कानाला खोटं कळतं. म्हणून मोठी झांज वाजवायची असेल, त्या घरातली हाय-हॅट पुसून टाका.

थोडी वेळेची चूक करा. आयुष्यात कुणी मुद्दाम चूक करायला सांगतंय, असं क्वचितच घडतं! काही ठोके सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके पुढं-मागं सरकवा. हायड्रोजनसारख्या प्रोग्रॅममध्ये यासाठी खास बटणं असतात, पण ती जपून फिरवा. जास्त फिरवलीत, तर ड्रमर झोपेत वाजवतोय असं वाटेल. ‘स्विंग’ नावाचं बटण २, ४, ६ अशा घरांतले ठोके किंचित उशिरा वाजवतं आणि ठेका डुलायला लागतो. ही सोय रॉजर लिनच्या यंत्रातही होती.

श्वास घेऊ द्या. तबलजी मुखड्याच्या आधी छोटासा तुकडा घेतात, ऐकलंय ना? तसंच दर चौथ्या किंवा आठव्या आवर्तनाच्या शेवटच्या चार घरांत काहीतरी वेगळं वाजवा आणि पुढच्या ‘एक’ला मोठी झांज. कडव्यात ठेका साधा, धृपदात भरगच्च. आणि एखाद्या ठिकाणी चक्क सगळे ड्रम बंद! एक आवर्तन फक्त गळा आणि गिटार. ड्रम परत येतात तेव्हा अंगावर काटा येतो की नाही बघा.

आता सगळे मिळून

गाणं रेकॉर्ड करताना आधी पक्के ड्रम बनवून मग त्यावर गळा चढवायची घाई करू नका. आधी गाणं म्हणत म्हणत टाळ्या वाजवा आणि वेग ठरवा. गाणारीला दम लागत असेल, तर ८-१० बीपीएम कमी करा. मग साधा ठेका लावून गिटार आणि गाणं कच्चं रेकॉर्ड करा. ते ऐकत ऐकत ड्रम सजवा. शब्द कुठं संपतात, कुठं मोकळी जागा आहे, ते आता तुम्हाला ऐकू येईल. शब्द चालू असताना ड्रमनं गडबड करायची नाही, शब्द संपले की बोलायचं. शेवटी पक्कं गाणं रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रम हेडफोनमधूनच ऐका, नाहीतर ते माइकमध्येही शिरतील. हेडफोन वायरचे घ्या. बिनवायरच्या हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि मग गाणारीची गाडी सारखी मागं पडते. आवाज बेताचाच ठेवा. कान बिघडले तर ते कुठल्याच दुकानात बदलून मिळत नाहीत!

सात सेकंदांची गोष्ट

आता शेवटची गोष्ट. ती जरा उदास आहे, पण सांगायलाच हवी.

१९६९ साली अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदानं एक गाणं रेकॉर्ड केलं, ‘आमेन, ब्रदर’. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर एकटा वाजवतो. किती वेळ? जेमतेम सात सेकंद, चार आवर्तनं! पुढं सॅम्पल घेणारी यंत्रं आली आणि लोकांनी ही सात सेकंदं उचलली. कुणी ती वेगानं फिरवली, कुणी तुकडे करून उलटसुलट जोडली. हजारो गाण्यांत ती वाजली. पण कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली तो अत्यंत गरिबीत, बेघर अवस्थेत वारला. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्या वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. पण तोवर कोलमन राहिला नव्हता.

लोकांनी नेमके तेच ठोके का उचलले असतील? ते घड्याळासारखे नव्हते म्हणून! त्यांत एका माणसाचे हात होते. ड्रमची यंत्रं आली, तेव्हा पुष्कळ ड्रमरना वाटलं की आता आपलं काम संपलं. काहींची कामं गेलीही. पण यंत्रात साठवलेला प्रत्येक खरा ठोका कुणीतरी हातानं वाजवलेलाच असतो, हे विसरून कसं चालेल?

म्हणून कुठूनही ड्रमचे आवाज किंवा तयार ठेके घेताना ते वापरायची परवानगी आहे का, हे आधी वाचा आणि गाण्यासोबत वाजवणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव लिहा. नाहीतर सरळ आपले आवाज आपणच बनवा! पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिंपावर मुठीनं मारा, ती झाली किक. उलट्या ठेवलेल्या स्टीलच्या ताटावर चमचा, ती स्नेअर. किल्ल्यांचा जुडगा म्हणजे हाय-हॅट आणि डब्यात मूठभर तांदूळ घालून हलवलात की खुळखुळा. एकेक आवाज तीनदा रेकॉर्ड करा: हळू, मध्यम आणि जोरात. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यांच्या आगेमागची शांतता कापा, आणि ते तुमच्या ड्रमच्या प्रोग्रॅममध्ये भरा. असा ड्रमसेट जगात दुसऱ्या कुणाकडंच नसेल. फक्त ताट जागेवर ठेवायला विसरू नका, नाहीतर आईचा ‘फिल’ ऐकावा लागेल!

आणि तुमच्या वर्गात बाकावर सारखा ठेका धरणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, ज्याला बाई नेहमी ‘हात बंद!’ म्हणतात. त्याला एकदा घरी बोलवा आणि तुमचा ठेका ऐकवा. तो लगेच सांगेल, ‘‘इथं असं नाही रे, असं वाजव!’’ त्याचं ऐका. संगणक मोजायला आहेच की. ठेका धरायला मात्र माणूसच लागतो.

चला तर मग, घ्या चौकटींची वही. एक, दोन, तीन, चार...